हवेतले कोस

आपल्या भाषेने अंतर मैलांत कमी आणि माणसाच्या अंगाने जास्त मोजले. बखरीतली फौज मजल दरमजल करीत निघते; मजल म्हणजे एका दिवसाची चाल. शेजारघर हाकेच्या अंतरावर असते, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्याला वाट विचारावी, तर तो म्हणतो, "हे काय, तंबाखू मळेस्तोवर पोचाल!" विमानवाल्यांचा हिशेबही मिनिटांचाच. तेव्हा साताऱ्याहून सांगलीला हवेतून किती लांब, हे एकदा मांडून पाहू.

सातारा जिल्ह्याचा विमानतळ कराडजवळ वारुंजीला. कोयना प्रकल्पाच्या निमित्ताने १९५५ साली तो झाला. सांगलीची जुनी धावपट्टी कवलापूरला. या दोहोंमध्ये प्रवासी विमान जात-येत नाही. पण नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ अंतर सुमारे ६० किलोमीटर भरते. ताशी २०० किलोमीटर वेगाचे लहान विमान ते १८ मिनिटांत कापील. चढणे-उतरणे धरून २५ म्हणा. पंचवीस मिनिटांत सांगली! ऐकायला किती गोड!

पण जरा थांबा. साताऱ्याहून वारुंजीपर्यंत ५० किलोमीटर, म्हणजे एक तास. तिथे सामान तपासणे, खोळंबणे, दुसरा तास. पंचवीस मिनिटे आकाशात, आणि कवलापूरहून सांगलीत शिरायला वीस. बेरीज पावणेतीन तास. तुमची मोटार एव्हाना १२० किलोमीटरचा रस्ता संपवून सासुरवाडीच्या दारात उभी असेल, आणि जावईबापू दुसरा चकलीचा तुकडा मोडीत असतील!

मग इतक्या जवळ विमाने उडतच नाहीत काय? उडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांमध्ये १९६७ पासून विमान जाते. अंतर अवघे २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटे, विक्रम ५३ सेकंदांचा. हसू येते खरे. पण मध्ये समुद्र आहे, आणि त्या विमानात शिक्षक असतात, डॉक्टर असतात, आजारी माणसे असतात. तिथे ती दोन मिनिटे चैनीची नव्हेत.

आपल्या वाटेवर समुद्र नाही, कृष्णाकाठ आहे. धावपट्टी लांबवायची म्हटले की कोणाची तरी बागायत जमीन लागते. मिनिटे एकाची वाचतात आणि ऊस दुसऱ्याचा जातो, हे जमाखर्चात कोणी लिहायचे?

उलट, पाटणच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीहून मिरजेच्या इस्पितळात न्यायचा रुग्ण घ्या. त्याचा वेळ कराड-मिरज रस्त्यावर फारसा जात नाही. तो जातो वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत, पावसाळ्यात, डोलीत. आकाशातली पंचवीस मिनिटे त्याच्या कामाची नाहीत. जमिनीवरचे पहिले दोन कोस त्याच्या जिवाचे आहेत.

१९४९ पर्यंत या मुलखाचा बराच भाग एकाच जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. जिल्हे दोन झाले तरी सोयरीक तुटली नाही. यंदाही साताऱ्याचे कितीतरी भाऊ भाऊबीजेला सांगलीकडे निघतील. एस.टी.ने जातील, उशिरा पोचतील, आणि ओवाळणारी बहीण "केव्हा निघालास?" एवढेच विचारील. किती किलोमीटर आलास, हे तिने कधी विचारले आहे?