वॉरंटी स्क्रूची असते, हाडाची नाही!

"डॉक्टर, इम्प्लांट कोणत्या कंपनीचा? वॉरंटी किती वर्षांची?" बहुतेक रुग्ण एवढेच विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. तो सिमेंटने चिकटत नाही. तुमचे जिवंत हाड त्याच्याभोवती वाढून त्याला धरते. ते हाडच ड्रिलच्या उष्णतेने भाजले तर महागड्या कंपनीचा काय उपयोग? एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन या स्वीडिश संशोधकांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगातून दाखवले, की ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले तरी हाडाला इजा होते. म्हणून ड्रिल धारदार हवे, छिद्र टप्प्याटप्प्याने मोठे करायला हवे आणि सलाईनची धार सतत हवी. स्क्रू सैल बसला तर हलतो आणि हाड धरत नाही. अती आवळला तर दाबाने आजूबाजूचे हाड झिजू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी हेही विचारा: ड्रिल किती वेळा वापरले आहे? हाड थंड कसे ठेवता? स्क्रूची पकड मोजता का? हे विचारण्यात कसला संकोच? हाड तुमचे आहे. आणि शस्त्रक्रियेला थोडा वेळ जास्त लागला, तर कुरकुर करू नका. घाई हाडाला मानवत नाही.