मेरी रोलँडसनने शिवलेला सदरा

वसाहतकालीन अमेरिकेतील सीमेवरचे छापे आणि अपहरणे हा विषय निघाला की पहिले नाव मेरी रोलँडसनचे येते. तिचे आत्मकथन जरूर वाचावे. पण ते एकटे वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. कारण त्याच पुस्तकात आहे: एक सदरा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १६७५ च्या जूनमध्ये वाम्पानोआग प्रमुख मेटाकॉम आणि न्यू इंग्लंडमधील इंग्रज वसाहती यांच्यात युद्ध पेटले. इंग्रज मेटाकॉमला ‘किंग फिलिप’ म्हणत. डिसेंबरमध्ये वसाहतींच्या फौजेने नॅरागान्सेट लोकांची दलदलीतील तटबंद वस्ती बायकामुलांसह आणि हिवाळ्याच्या धान्यासह जाळली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १० फेब्रुवारी १६७६ रोजी, मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर गावावर छापा पडला. धर्मोपदेशकाची पत्नी मेरी आणि तिची सहा वर्षांची जखमी मुलगी सेरा पकडल्या गेल्या. सेरा थोड्याच दिवसांत आईच्या कुशीत वारली.

पुढचे अकरा आठवडे मेरी त्या भटकत्या, उपाशी तांड्याबरोबर चालत राहिली. उपाशी सगळेच होते. ती शिवणकाम करून पोट भरत असे, आणि मेटाकॉमने तिला आपल्या मुलासाठी सदरा शिवायला सांगितले. मोबदला एक शिलिंग. पुढे त्याच मुलासाठी तिने टोपीही शिवली, तेव्हा मेटाकॉमने तिला जेवायला बोलावले आणि अस्वलाच्या चरबीत तळलेली, दोन बोटांएवढी पोळी दिली. (त्या पोळीची चव तिने ज्या आत्मीयतेने नोंदवली आहे, ती वाचताना हे ‘रानटी’ लोकांविषयीचे पुस्तक आहे याचा क्षणभर विसर पडतो.)

२ मे रोजी वीस पौंड खंडणी देऊन तिची सुटका झाली. निरोप्या म्हणून गेला तो नेपानेट, स्वतः ख्रिस्ती झालेला मूलनिवासी. तो कुठून आला होता? बोस्टनच्या बंदरातील डिअर बेटावरून. तिथे इंग्रजांनी आपल्याच बाजूच्या ख्रिस्ती मूलनिवाशांना केवळ संशयावरून डांबले होते आणि थंडी-उपासमारीने त्यांतले कितीतरी मरत होते. एका कैद्याच्या सुटकेसाठी दुसरा कैदी धावला. आपण मात्र यांपैकी एकीलाच कैदी म्हणायला शिकलो.

आता तो मुलगा. ऑगस्टमध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. त्याची पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा आधीच इंग्रजांच्या हाती लागले होते. त्या मुलाला फाशी द्यावी की नाही, यावर धर्मोपदेशकांची मते मागवण्यात आली. इन्क्रीज मॅदरसारख्या विद्वानांचा कल मृत्युदंडाकडे होता. ब्रिजवॉटरच्या जेम्स कीथ यांनी बापाच्या अपराधासाठी मुलाला मारू नये, या बायबलमधील आज्ञेची आठवण करून दिली. अखेर जीव वाचला, आणि १६७७ मध्ये त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले. युद्धातले शेकडो मूलनिवासी असेच विकले गेले. या मुलाच्या सुटकेसाठी कोणीही वीस पौंड जमवले नाहीत. कागदपत्रांत त्याची ओळख ‘फिलिपचा मुलगा’ एवढीच आहे. त्याला विकावे की मारावे यावर पत्रे लिहिणाऱ्यांनी त्याचे नाव लिहिले नाही.

असे म्हटल्याने मेरीचे दुःख उणे होते, असे मुळीच नाही. सेराच्या मृत्यूची पाने आजही वाचवत नाहीत. माझी तक्रार तिच्याशी नसून, तिच्या पुस्तकालाच ‘सीमेवरील कैदेचा इतिहास’ म्हणून हाती देणाऱ्या अभ्यासक्रमांशी आहे. कैद दोन्ही दिशांनी होत होती. एका दिशेचे लोक परत आले, त्यांनी लिहिले आणि ते छापले गेले. दुसऱ्या दिशेचे लोक जहाजांवर चढवले गेले.

मेरीचे आत्मकथन १६८२ मध्ये बोस्टन, केंब्रिज आणि लंडन येथे छापले गेले आणि हातोहात खपले. जिवंत असेल, तर तिच्या हातचा सदरा घातलेला तो मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा असेल.