सामाईक घराचा विमा
वडिलोपार्जित घर चौघां भावंडांचें. विमापत्रावर नांव मात्र तेथें राहणाऱ्या एकट्या माझें! माजघर जळालें, तेव्हां भरपाई माझ्या हिश्श्यापुरतीच मिळाली. दोष विमेवाल्यांचा नव्हे. विमा हा नुकसानभरपाईचा करार, ज्याचें जितकें नुकसान तितकेंच त्यास मिळावयाचें. म्हणून पत्रांत सर्व सहमालकांचीं नांवें घालावीं. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत कन्येसही पुत्राइतकाच हक्क आहे. तेव्हां बहिणींस वगळूं नये. रक्कम जागेच्या बाजारभावानें नव्हे, तर घर पुनः बांधण्याच्या खर्चावरून ठरवावी. हप्ता हिश्श्याप्रमाणें वांटून घ्यावा. भाऊबिजेस भावंडें जमतात, त्याच दिवशीं हें बोलणें उरकावें. आमचें माजघर पुनः उभें राहिलें. परंतु ‘माझें नांव कां नव्हतें?’ या थोरल्या बहिणीच्या प्रश्नास मजपाशीं अद्यापि उत्तर नाहीं.