विश्लेषण : शोरूममधले ‘परफॉर्मन्स पॅकेज’, नव्या कारचा वेग वाढतो, जोखीम कुणाची?

गाडीचे बुकिंग झाले, कर्ज मंजूर झाले, डिलिव्हरीचा मुहूर्तही ठरला. मग ग्राहकाला दुसऱ्या टेबलावर बसवून ॲक्सेसरीजची यादी पुढे केली जाते. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप हे नेहमीचे. पण त्याच यादीत मोठे अलॉय, रुंद टायर, स्पोर्ट्स एक्झॉस्ट किंवा ‘ईसीयू ट्यूनिंग’ही असेल तर? ‘शोरूमवालेच बसवून देतात, मग वॉरंटीची चिंता कशाला,’ असे वाटणे साहजिक आहे. नेमकी तिथेच गफलत होते.

डीलर हे का विकतात?
नव्या गाडीच्या विक्रीवर डीलरला मिळणारे मार्जिन मर्यादित असते. ॲक्सेसरीज, विमा आणि एक्स्टेंडेड वॉरंटी यांवर कमाई बरी होते. ग्राहकही त्या क्षणी दहा-पंधरा लाखांचा निर्णय घेऊन बसलेला असतो. त्यापुढे आणखी ४०-५० हजार किरकोळ वाटतात. ते कर्जातच बसवून दिले, तर खिशाला लगेच जाणवतही नाहीत.

कंपनीचे आणि बाहेरचे, फरक काय?
कंपनीच्या अधिकृत यादीतील ॲक्सेसरीजला पार्ट नंबर असतो आणि त्यांची वॉरंटी कंपनी देते. बाहेरच्या उत्पादकाचा सुटा भाग डीलरने बसवला, तर त्याची जबाबदारी त्या उत्पादकाची किंवा डीलरची असते. शोरूम एकच, बिल एकच, पण वॉरंटी देणारे वेगवेगळे. हा फरक तोंडी क्वचितच सांगितला जातो.

ईसीयू ट्यूनिंगने नेमके काय होते?
ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक. किती इंधन सोडायचे, स्पार्क कधी द्यायचा, टर्बोने किती दाब निर्माण करायचा, हे तो ठरवतो. हे आकडे बदलले की टर्बो इंजिनची ताकद आणि टॉर्क वाढतो. मात्र क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो जुन्याच हिशेबाने बनवलेले असतात. कंपनीने ठेवलेली सुरक्षित मर्यादा ट्यूनिंगमध्ये खर्ची पडते. बीएस-६ गाडीत उत्सर्जनाचे गणितही याच संगणकावर चालते. पुढे बिघाड झाला की सर्व्हिस सेंटर सॉफ्टवेअर तपासते. बदल आढळला तर वॉरंटीचा दावा फेटाळण्यासाठी कंपनीला आयते कारण मिळते. साध्या दिव्यांसाठी मूळ वायरिंग कापले, तरी इलेक्ट्रिकल भागांबाबत हाच वाद उभा राहतो.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची आरसीवरील माहिती कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल, असा बदल करता येत नाही. सीएनजी किटसारख्या बदलांना ठरलेल्या अटींवर परवानगी आहे आणि त्याची नोंद आरसीवर करावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन अधोरेखित केले.

त्याच वर्षी कायद्यात कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बांधणी, उपकरणे, धूर आणि आवाजाचे नियम मोडणारी गाडी विकणाऱ्या किंवा तसा बदल करणाऱ्या डीलरला प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. पण एक पळवाटही आहे. गाडी नियमात कशी बसत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितल्याचे डीलरने सिद्ध केले, तर तो सुटू शकतो. म्हणूनच ॲक्सेसरीजच्या फॉर्मवरची बारीक अक्षरे न वाचता केलेली सही महागात पडू शकते.

अमेरिकेत काय चालते?
तिथे ही परंपरा जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील डीलर डॉन येन्को मोठी इंजिने बसवलेल्या शेव्हरोले कमॅरो विकत असे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे कंपनीला दाखवावे लागते. दुसरीकडे, कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करू शकणाऱ्या भागाला राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी लागते. ग्राहकाला संरक्षण आणि उत्पादकावर बंधन, दोन्ही स्पष्ट.

आपल्याकडे काय हवे?
हौसेला विरोध करण्याचे कारण नाही. पण पुण्यातील ‘एआरएआय’सारख्या संस्थेत गाडीच्या मॉडेलची कसून चाचणी व्हायची आणि डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शोरूमच्या मागच्या शेडमध्ये तिचे गुणधर्म बदलायचे, याला अर्थ नाही. बदल विकणाऱ्यानेच त्याची वॉरंटी आणि कायदेशीरपणा लेखी द्यावा, हे बंधनकारक व्हायला हवे. ‘ग्राहकाला सांगितले होते’ एवढ्यावर विक्रेत्याची सुटका होता कामा नये.

तोपर्यंत ग्राहकाने काय करावे?

• प्रत्येक वस्तूचा पार्ट नंबर आणि वॉरंटी कोण देणार, हे बिलावर लिहून घ्या.
• ‘वॉरंटीला धक्का लागणार नाही’ हे आश्वासन डीलरच्या ई-मेलवर मागा. तोंडी शब्द पुढे कामी येत नाही.
• विमा कंपनीला बदल कळवा आणि ॲक्सेसरीजची किंमत पॉलिसीत नोंदवा. लपवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.
• ‘पॅकेज घेतले तरच गाडी लवकर मिळेल’ असे कुणी म्हटले, तर नकार द्या. एका वस्तूसाठी दुसरी घेण्याची सक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

अधिक ताकद हवीच असेल, तर त्याच मॉडेलचे टर्बो व्हेरिएंट आहे का, ते आधी पाहा. त्यात इंजिनसोबत क्लच आणि गिअरबॉक्सही त्या ताकदीच्या हिशेबाने दिलेले असतात आणि वॉरंटी एकाच कंपनीची असते.