‘चार लोक’ नेमके राहतात कुठे?

आठवीत असेन मी. संक्रांतीनंतरचं आमच्या घरचं हळदीकुंकू. हॉल बायकांनी भरलेला, आई कुंकू लावतेय आणि वाण वाटायचं काम माझ्याकडे. त्या वर्षी वाणाला चहाच्या गाळण्या होत्या. सगळ्यांना एकेक देऊन झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. तिथे काकू कॉफी कपात ओतत होती. उरलेल्या गाळण्या मी ओट्यावर ठेवल्या आणि बाहेर आले. काका जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

काकूला कुणी ‘बाहेर येऊ नकोस’ म्हटलं नव्हतं. तिला वाण देऊ नकोस, असं मलाही कुणी सांगितलं नव्हतं. तरी तिला बरोबर कळलं आणि मलाही.

पुढे मास कॉमच्या पहिल्या वर्षाला सोशॉलॉजीचा पेपर आला. ‘सामाजिकीकरण म्हणजे काय?’ मार्क पाच. मी पाठ केलेली व्याख्या लिहिली, पाचपैकी चार मिळाले. ती व्याख्या आपण आठवीतच हातात ट्रे धरून जगून आलोय, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

आज हे सांगायचं कारण म्हणजे हेरवाड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. बातम्या झाल्या, कौतुक झालं. मग नेहमीचा प्रश्न आला, ‘ठराव करून काय होतं? लोकांची मनं बदलली पाहिजेत!’

हे वाक्य तुम्हीही कुठल्या ना कुठल्या चर्चेत फेकलं असेल. मीही फेकलंय. पण पहिल्या वर्षाचं पुस्तक पुन्हा उघडलं, तर ते वाक्य तितकंसं बरोबर नाही असं दिसतं.

घरात न राहणारे घरचे लोक

‘चार लोक काय म्हणतील?’ हे आपण जन्मल्यापासून ऐकतो. हे चार लोक कोण, हे मात्र कुणी सांगत नाही. अमेरिकी विचारवंत जॉर्ज हर्बर्ट मीडने त्यांना एक नाव दिलंय, ‘सामान्यीकृत इतर’. शब्द जड आहे, गोष्ट सोपी. लहान मूल भातुकलीत एका वेळी एकच भूमिका करतं. आता मी आई, आता मी बाई. थोडं मोठं झालं की ते संघात खेळायला लागतं. मीडने बेसबॉलचं उदाहरण दिलंय, आपण क्रिकेट घेऊ. पॉइंटला उभं राहायचं तर बोलर काय टाकेल, कीपर कुठे जाईल, बॅकअपला कोण येईल, हे सगळं डोक्यात लागतं. सगळ्यांच्या अपेक्षा मिळून एक आवाज तयार होतो आणि तो आपल्या आत राहायला येतो. म्हणजे चार लोकांचा पत्ता शेजारचा नाही, आपल्याच डोक्यातला आहे. काकूला स्वयंपाकघरात त्यांनीच पाठवलं होतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखेमने १८९५ साली ‘सामाजिक तथ्य’ ही कल्पना मांडली. वागण्याच्या काही रीती आपल्या जन्माआधीपासून असतात, बाहेरून येतात आणि दाब टाकतात. हा दाब एरवी जाणवत नाही. मोडायला जा, मग कळतो.

आता हेरवाडकडे बघा. गावातल्या प्रत्येकाला विधवा प्रथा मनापासून पटत असेलच असं नाही. घरोघरी असं वाटत असू शकतं की, ‘आम्हाला चालेल हो, पण गावाला नाही चालायचं.’ आणि गाव म्हणजे कोण? असंच म्हणणारी बाकीची घरं. प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरून गप्प, आणि प्रथा मात्र सुखरूप. ग्रामसभेने हात वर केले, तेव्हा हे गुपित फुटलं. ‘लोक काय म्हणतील’ याचं उत्तर गावाने कागदावर लिहून दिलं. मनं आधी बदलायलाच हवीत असं नाही. इतरांच्या मनात काय आहे याबद्दलचा अंदाज बदलला, तरी वागणं बदलू शकतं.

गावाच्या ठरावात किती ताकद असते, हे उलट्या बाजूने पाहायचं असेल तर १८९३ साली जा. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. त्यानंतर ३७ वर्षांनी धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केलं. कायदा त्यांच्या बाजूने होता, तरी कोकणातल्या त्यांच्या मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. सरकारने काय म्हटलंय यापेक्षा गावाने काय म्हटलंय हे तिथे जड ठरलं. हेरवाडमध्ये तेच हत्यार दुसऱ्या हातात गेलं.

एक बांगडी, तीन चष्मे

पेपरात तीन दृष्टिकोन असतात, ते याच बांगडीवर लावून बघा. कार्यवादी विचारेल, या विधीने समाजाचं कोणतं काम होत होतं? मृत्यूनंतर कुटुंबातली नवी जागा जाहीर करण्याचं. आंतरक्रियावादी म्हणेल, काच तर काचच आहे, तिला अर्थ आपण देतो आणि रोज वागून तो टिकवतो. म्हणून तो बदलूही शकतो. संघर्षवादी खडा सवाल टाकेल की, बायको गेल्यावर नवऱ्याचं काय पुसलं जातं? यात फायदा कुणाचा? बाईला अशुभ ठरवून मागच्या खोलीत बसवलं, की जमिनीतला वाटा मागायला ती पुढे येईल का? हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासून विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क आहे. म्हणून या तिसऱ्या चष्म्यातून हेरवाडनंतरचा खरा प्रश्न सातबाऱ्याचा आहे. कपाळावर कुंकू राहिलं, पण उताऱ्यावर नाव लागलं का?

मग ठरावाने फरक पडला का, हे कसं मोजाल? प्रोजेक्टसाठी आपण लगेच गूगल फॉर्म काढतो. ‘विधवा प्रथा बंद व्हावी असं तुम्हाला वाटतं का?’ जवळजवळ सगळे ‘हो’ म्हणतील, कारण ते उत्तर बरं दिसतं. सासूसमोर सुनेला विचारलं, तर सासूचं उत्तर सुनेच्या तोंडून मिळेल. म्हणून माणसं काय बोलतात याच्या जोडीला ती काय करतात, हे बघावं लागतं. ठरावानंतर गावात झालेल्या अंत्यविधींत काय घडलं? पुढच्या लग्नात ओवाळायला कोण होतं? आणि दुःखात असलेल्या बाईकडे वही घेऊन कधी जायचं आणि कधी अजिबात जायचं नाही? संशोधन-पद्धतीच्या धड्यातलं ‘नैतिकता’ हे शेवटचं, आपण नेहमी ऑप्शनला टाकतो ते प्रकरण इथे पहिलं येतं.

ठरावाच्या मर्यादा आहेतच. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा सरकारी परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. शिवाय कुंकू लावायची मुभा मिळाली, तरी बाईची ओळख नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरच अडकून राहते, ही टीकाही रास्त आहे. एखादीला टिकली नकोच असेल, तर तेही तिचंच ठरवणं हवं.

पण गावाला ग्रामसभा असते. तुमच्या-माझ्या सोसायटीत, फ्लॅटमध्ये, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा ठराव कोण मांडणार? तिथे कुणीतरी एकाने आधी उघड वागायला लागतं, म्हणजे दुसऱ्याचा अंदाज चुकतो आणि त्याला धीर येतो.

गेल्या संक्रांतीला मी आईला म्हटलं, वाण आधी काकूला देऊया. आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘मला कधीचं वाटत होतं गं, पण तुझ्या आजीला काय वाटेल म्हणून...’ मी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, ‘मला कुणी विचारलं कुठे?’

काकू मात्र बाहेर यायला तयार नव्हती. तिच्या डोक्यातले चार लोक इतक्यात हलणारे नाहीत. मग मी ट्रे घेऊन आत गेले आणि ओट्यापाशीच तिला वाण दिलं. पुढच्या वर्षी हॉलमध्ये द्यायचंय.