“बाबा शांत झोपलेत” म्हणण्याआधी

आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून राबले. आता नागपूरच्या हुडकेश्वरात घरी असले, तरी रात्री दार वाजतंच. “सिस्टर, जरा येता का जी? बाबा उठतच नाहीत.”

त्या रात्री गेले तेव्हा खोलीत कूलर सुरू होता आणि तरी बाबांचा बनियान घामाने चिंब झाला होता. तीनच दिवसांपूर्वी ते दवाखान्यातून घरी आले होते. सून म्हणाली, “दुपारपासून शांत झोपलेत. आम्हाला वाटलं, आराम मिळतोय.” मशीनवर साखर पाहिली तर ३८. सकाळी इन्सुलिनची सुई वेळेवर दिली होती, पण जेवण अर्ध्यावर सोडलं होतं. मुलगा साखरेचं पाणी त्यांच्या तोंडात ओतणार, एवढ्यात मी त्याचा हात धरला. बेशुद्ध माणसाच्या घशात ओतलेलं पाणी पोटाऐवजी फुप्फुसात उतरू शकतं. बाबांना कुशीवर वळवलं आणि १०८ ला फोन लावला. त्या गाडीत डॉक्टर असतो. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर बाबांनी डोळे उघडले आणि सुनेला रडू कोसळलं.

तिचा दोष नव्हता. सुई दिली की जेवण झालंच पाहिजे, हे सुट्टी देताना त्यांना कोणी बसवून सांगितलंच नव्हतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: सुट्टीचा कागद हातात पडला की लगेच उठू नका. कोणती गोळी कशाची, जेवणाआधी की नंतर, जेवण गेलं नाही तर सुईचं काय करायचं आणि काय दिसलं की परत यायचं, हे विचारा आणि तिथेच लिहून घ्या. इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा सारखाच हवा. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध ४० च्या सिरिंजने ओढलंत, तर डोस अडीचपट जातो. साखर ७० च्या खाली आली आणि पेशंट शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

डॉक्टर वॉर्डात राउंडला येऊन जातात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र सिस्टरची. पेशंट कालपेक्षा वेगळा दिसतोय का, हे तीच बघते आणि डॉक्टरांना उठवायचं की नाही, तेही तीच ठरवते. घरी ते काम तुमच्याकडे येतं. त्यासाठी डिग्री लागत नाही, पण एक वही लागते.

वहीत आधी श्वास लिहा. पेशंटला न सांगता छातीकडे बघत, मोबाइलचं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. २५ च्या वर गेले, तर सकाळची वाट बघू नका. पुष्कळदा ताप किंवा बीपीच्या आधी श्वासच बदलतो, आणि नेमका तोच कोणी मोजत नाही. नेहमी बोलणारा माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, किंवा हाक मारूनही जागा होईना, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ अडखळली, तर ती वेळ घड्याळात बघून लिहा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

लघवीही लिहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि म्हातारी माणसं संडासला उठावं लागेल या भीतीने पाणीच टाळतात. सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर डॉक्टरांना कळवा. मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला पाणी किती द्यायचं, ते डॉक्टरांनाच विचारा. भरवताना पेशंटला बसतं करा आणि नंतरही अर्धा तास तसंच ठेवा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. अरुणा शानबाग आठवते ना? मुंबईच्या केईएममधली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, ती त्याच रुग्णालयात पडून होती. तिथल्या नर्सच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला भरवलं, पुसलं, वळवलं आणि तिच्या अंगावर बेडसोर होऊ दिला नाही. तिच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेवेची मुद्दाम प्रशंसा केली. त्यामागे कोणतं महागडं यंत्र नव्हतं. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज उजेडात बघा. लाली दाबूनही गेली नाही, तर तो भाग गादीला टेकू देऊ नका, आणि तिथे चोळू तर मुळीच नका.

घरी बाई ठेवणार असाल, तर एक सांगते. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. ती बघायला मागा. नोंदणी नसलेली बाई प्रेमाने आंघोळ घालेल, भरवेल, पण सुई आणि सलाईन तिच्या हाती देऊ नका.

फोनवर डॉक्टरांना “बरं वाटत नाही” एवढंच सांगू नका. वही समोर धरा: काल श्वास १८ होते, आज २८ आहेत, सकाळपासून लघवी नाही.

त्या सुनेने आता वही केली आहे. परवा सकाळी पावणेआठलाच तिचा फोन आला. तिने वाचून दाखवलं: “सात वीसला सुई. साडेसातला दोन पोळ्या वाढल्या, दीड टाकली. आता काय करू, सिस्टर?”