घरचे आरोग्य : दूध पचत नाही?

दारात दुभती म्हैस. पण सुनेने पेलाभर दूध घेतले की पोट फुगते, जुलाब होतात. घरची माणसे म्हणतात, नखरे! हे नखरे नव्हेत. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे द्रव्य लहान आतड्यात तयार होते. वाढत्या वयात ते पुष्कळांचे कमी होते.

आधी दही-ताक घेऊन पाहावे. विरजणाने ही साखर काहीशी कमी होते. दूधच हवे असेल तर लॅक्टेजच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरांना विचारून, पहिल्या घोटाबरोबरच गोळी घ्यावी. पोट बिघडल्यावर उपयोग नाही. प्रत्येक वेळी नवी गोळी लागते.

दुधाने अंगावर गांधी उठत असतील, धाप लागत असेल, तर तो विकार निराळा. तिथे ही गोळी चालत नाही. दूध बंद करून ताबडतोब डॉक्टर गाठावा.